सतराव्या प्रतिज्ञेला माझे ओठ मिटतात

दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा सुरू होतात तेव्हा मी त्या छाती फुटेस्तोवर म्हणतो. पहिल्या आठ तर अशा म्हणतो की शेजारचा माणूस वळून बघतो. आणि सतरावी आली की माझे ओठ मिटतात. लाखोंच्या गर्दीत एका हमालाचे ओठ हलले नाहीत तर कुणाच्या बापाला कळतं? कुणाच्याच नाही. फक्त बाजूला माय उभी असते. ती समोर स्तूपाकडं बघत असते. पण तिला कळतं.

मी पितो. हे आधीच सांगून टाकतो. दारू सोडलेला माणूस इथं भाषण ठोकतोय असं समजून कुणी पान उलटू नका. सोडलेली नाही. कमी केली आहे. आणि कमी करणाऱ्याला आपल्या चळवळीत कुणी वाली नाही, म्हणून लिहितो आहे.

आपल्याकडं दोनच जाती मानल्या जातात. एक निर्व्यसनी, दुसरा बेवडा. निर्व्यसनी मंचावर बसतो, बेवडा मंडपाच्या मागं. मधल्या माणसाला जागाच नाही. वस्ती सोडून नागपुरात फ्लॅट घेतलेले आपलेच साहेब जयंतीला येतात आणि माइक हातात घेऊन म्हणतात, दारूनं समाज बुडाला. बुडाला असेल. पण साहेब, तुम्ही बाटली घरात, पडदा लावून, बर्फ घालून पिता आणि आम्ही ठेक्यासमोर उभ्यानं पितो, म्हणून समाज आम्हीच बुडवतो काय?

दुसरीकडं आमचे कवी. हे त्याहून भारी. दारू म्हणजे विद्रोह, गटार म्हणजे विद्यापीठ, आणि जो संध्याकाळी शुद्धीत आहे तो मध्यमवर्गीय. मीही दोन वर्षं असाच नाचलो. त्याचा हिशेब पुढं देतो.

मी कळमेश्वरच्या मालधक्क्यावर हमाल आहे. मॅट्रिक झालो, पुढं नाही. नागपूरहून काटोल-नरखेडकडं जाणारी गाडी आमच्या स्टेशनवरून जाते, आणि मालगाडी लागली की आमची टोळी लागते. कधी सिमेंट, कधी खत. सिमेंटचं पोतं पन्नास किलोचं. युरियाचं पन्नासवरून पंचेचाळीसचं झालं २०१८ साली, पण पाठीला पाच किलोचा फरक कळत नाही, विसाव्या पोत्यानंतर सगळं सारखंच. एका डब्यात साठेक टन माल. रेक ठरल्या वेळेत खाली झाली नाही तर रेल्वे व्यापाऱ्याला डेमरेज लावते, व्यापारी मुकादमाच्या अंगावर येतो, मुकादम आमच्या. घाई असली की दोन-दोन पोती. सिमेंटची धूळ घामात कालवली जाते आणि मानेवर लिंपली जाते. संध्याकाळी मान वळत नाही.

आता बघा, दारू कुठून येते. ती आकाशातून पडत नाही आणि आमच्या रक्तातही नाही. रक्तात असते असं म्हणणारे अजून आहेत, त्यांना सांगा.

आमची टोळी बोर्डात नोंदलेली नाही. महाराष्ट्रात माथाडी-हमालांचा कायदा १९६९ साली झाला. त्या कायद्याखाली नोंद असली की मजुरी बोर्डाकडून हिशेबानं मिळते, भविष्य निर्वाह निधी, बोनस मिळतो. नोंद नसली की मुकादम रोख देतो, अंधार पडल्यावर. आणि कसा देतो? दोघांत मिळून पाचशेची एक नोट. 'चिल्लर नाही बे, तिकडून मोडून घ्या.' तिकडून म्हणजे ठेक्यावरून. संध्याकाळी साडेसातला आमच्या इलाख्यात पाचशेची नोट हसत हसत कोण मोडून देतं? किराणावाला तोंड वाकडं करतो. ठेकेवाला नाही करत. पण मोडायला काहीतरी घ्यावं लागतं. काहीतरी म्हणजे पव्वा.

माझी पहिली रोजची दारू ही अशी लागली. मोडीसाठी. दु:खानं नाही, कवितेनं नाही, बापाच्या आठवणीनं तर नाहीच नाही.

मग पाठ. पोतं वाहणाऱ्याला झोप येत नाही, हे ज्यानं वाहिलं नाही त्याला सांगून कळत नाही. कूस बदलली की कंबर जागी होते. पव्वा मारला की कंबर गप्प बसते. सकाळी ती दुप्पट ओरडते, पण सकाळी रेक असते. म्हणजे दारू आम्हाला दुसऱ्या दिवशीच्या रेकसाठी तयार ठेवते. व्यापाऱ्याच्या मालाला लागणारं हे वंगण आहे आणि त्याचे पैसे आम्ही आमच्या मजुरीतून भरतो. ह्याच्याइतका स्वस्त सौदा भांडवलानं दुसरा केला नसेल.

अमेरिकेतला गुलामगिरीतून पळून सुटलेला फ्रेडरिक डग्लस, त्यानं १८४५ साली आपली कहाणी लिहिली. त्यात नाताळच्या सुट्टीची गोष्ट आहे. वर्षभर राबवणारा मालक नाताळ ते नववर्ष ह्या दिवसांत गुलामांना सुट्टी द्यायचा आणि दारू पाजायचा. नुसती पाजायचा नाही, कोण जास्त पितो ह्याच्या पैजा लावायचा. सुट्टी संपेस्तोवर गुलाम ओकाऱ्या काढून, लोळून, स्वतःचीच किळस येऊन म्हणायचा, ह्याला स्वातंत्र्य म्हणतात तर शेतावर गेलेलं बरं. डग्लसनं हे बरोबर धरलं की ही मालकाची दया नव्हती, गुलामगिरी टिकवायची ती एक कळ होती. दक्षिण आफ्रिकेत द्राक्षमळ्यांवरच्या मजुरांना मजुरीतला एक हिस्सा वाइनच्या रूपात द्यायचे. पिढ्यान् पिढ्या दिला. बायका पोटुशी असताना प्यायल्या आणि पोरं पोटातूनच अधू जन्मली. आमचा मुकादम डग्लस वाचून आलेला नाही. पण रेक मोठी असली की अर्ध्या कामाला एक-एक नाईंटी तो स्वतःच्या खिशातून पाजतो, आणि आम्ही म्हणतो, मुकादम दिलदार आहे बे!

आणखी एक गंमत. आमचा हा संत्र्यांचा मुलूख. कळमेश्वर, काटोल, नरखेड. बागेत संत्र्याला भाव नाही म्हणून शेतकरी रडतो, आणि ठेक्यावर सगळ्यात जास्त खपणाऱ्या देशीचं नाव काय? संत्रा. वासापुरती संत्रा. माय दिवसभर बागेत खरी संत्री तोडते, तिचा लेक संध्याकाळी वासाची संत्रा पितो.

सरकारचा हिशेबही ऐका. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं ठरवलं की देशीचा १८० मिलीचा पव्वा ८० रुपयांच्या खाली विकायचा नाही. दारूवरचे कर वाढवून वर्षाला १४ हजार कोटी जास्तीचे येतील असा अंदाज सांगितला. तेच सरकार २०२४ च्या जुलैपासून मायला लाडकी बहीण म्हणून महिन्याला १५०० रुपये देऊ लागलं. रोजचा एक पव्वा म्हटला तर महिन्याचे २४०० होतात. म्हणजे मायच्या खात्यात दीड हजार टाकायचे आणि लेकाच्या खिशातून चोवीसशे काढायचे. बहिणीला ओवाळणी कोण घालतंय हे कळलं काय?

मग कुणी म्हणेल, बंद करून टाका दुकानं. थांबा. आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ ला केली आणि २०२१ ला उठवली. बायकांनी त्यासाठी किती पायपीट केली, ह्याला मी हसणार नाही, मला तो अधिकार नाही. गावातल्या निम्म्याहून जास्त बाया मतदान करून बाटली आडवी करतात तेव्हा आपली मान खाली जायला पाहिजे. पण बंदीच्या नुसत्या कायद्यानं पिणारा सुटत नाही, त्याचा रस्ता लांब होतो आणि पोलिसाचा हप्ता वाढतो. आणि रस्ता कधी मालवणीला जातो. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीच्या झोपडपट्टीत मिथेनॉलची दारू पिऊन शंभरावर माणसं मेली. ती कोण होती हे सांगायची गरज आहे काय?

आपल्या महापुरुषांनी ह्याचा विचार आपल्यापेक्षा जास्त केला होता. जोतिराव फुले पुणे म्युनिसिपालटीत सभासद असताना १८८० साली त्यांनी दारूच्या दुकानांविरुद्ध पत्र लिहिलं. म्हणजे दुकान देणाऱ्याला धरलं, पिणाऱ्याला नाही. आणि बाबासाहेब? १९५१ चा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जाहीरनामा काढून बघा. त्यात दारूबंदी रद्द करा अशी मागणी आहे. महसूल बुडतो, पोलिसांवर पैसा जातो, घरोघरी भट्ट्या लागतात, असा रोकडा हिशेब आहे. आणि पाच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, त्याच बाबासाहेबांनी लाखो लोकांकडून सतरावी प्रतिज्ञा म्हणवून घेतली. ह्यात विसंगती बघणारे शहाणे मी पाहिले आहेत. मला नाही दिसत. दंडुक्यानं सोडवायची नाही, माणसानं आपल्या तोंडानं सोडायची. अवघड आहे म्हणून तर तिची प्रतिज्ञा करावी लागली. सोपी असती तर सर्क्युलर काढलं असतं.

आता माझं.

दर चौदा एप्रिलला मी सोडायचो. वीस-बावीसपर्यंत टिकायची. मग एखादी मोठी रेक यायची आणि मी पुन्हा ठेक्यावर. दर खेपेला पडल्यावर आधीपेक्षा जास्त प्यायचो, कारण आता मी नुसता पिणारा नव्हतो, प्रतिज्ञा मोडणाराही होतो. शरम ही चखन्यासारखी असते, तिच्यासोबत दारू जास्त जाते.

मग टॅली सुरू केली. धक्क्यावर टॅलीवाला बसतो. पोतं त्याच्यासमोरून गेलं की कागदावर एक काडी. चार उभ्या, पाचवी त्यांच्यावरून आडवी, झाला पाचाचा गठ्ठा. शेवटी गठ्ठे मोजले की कुणाला फसवता येत नाही, मुकादमालाही नाही. मी कवितेच्या वहीच्या शेवटच्या पानावर तसंच केलं. एक नाईंटी म्हणजे एक काडी. पहिल्या हप्त्यात बंद काही केलं नाही. फक्त काड्या. मनात धरलं होतं, आठ-दहा होतील. झाल्या एकोणीस. रोजच्या दोन, शनिवारी चुकाऱ्याच्या दिवशी वरच्या दोन, आणि एका लग्नात तीन. साडेनऊ पव्वे. सातशे साठ रुपये. वर्षाचे होतात चाळीस हजाराला चारशे ऐंशी कमी. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे एका पव्व्यात सत्याहत्तर मिली निव्वळ अल्कोहोल. मी हे सगळं मॅट्रिकच्या गणितानं केलं, आणि पहिल्यांदा मला दारूचा नाही, मुकादमाचा राग आला. तो राग कामाला आला.

पहिलं काम केलं ते नोटेचं. टोळीतले आम्ही चौघं मुकादमाला म्हणालो, रोख नको, ज्याची त्याची फोनवर टाक. त्यानं कुरकुर केली. पंधरा दिवस लागले. टाकू लागला. दुसरं, रस्ता बदलला. ठेक्यावरून न जाता रुळाच्या कडेनं घरी. हे लिहायला सोपं आहे. साडेसात ते साडेआठ हा एक तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब तास आहे, अजून आहे. त्या तासात आलुभोंडा खा, भजी खा, काहीही खा, पण पोट रिकामं ठेवू नका. घरी जाऊन जेवलो की निम्मी ओढ उतरते. ही ओढ म्हणजे दु:ख, आत्म्याची तहान, असं मला वाटायचं. निम्मी तर नुसती भूक निघाली. तिसरं, कंबर. रात्री गरम पाण्याचा शेक. ह्यानं पव्व्याइतकं गप्प होत नाही, खोटं का बोलू. पहिले आठ-दहा दिवस झोप आली नाही, घाम सुटायचा, मी माझ्यावरच खेकसायचो. मग झोप येऊ लागली, आणि ती झोप निराळी होती.

एकोणिसाच्या चौदा झाल्या. चौदाच्या अकरा. मध्येच एकदा सोळा. मी वही फाडली नाही. चार महिन्यांत सातवर आलो.

पण इथं एक गोष्ट सांगितली नाही तर मी खुनी ठरेन. आमच्या टोळीतला थोरला, सकाळी डोळे उघडल्यापासून पिणारा. त्यानं एका चौदा एप्रिलला सगळ्यांसमोर सोडली. एका झटक्यात. आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातून चहा सांडायला लागला. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या, मग घरात वॅगन शिरताना दिसू लागली, तो बायकोला ओरडून बाजूला ढकलत होता. कुणी म्हणालं, बाहेरची बाधा. बाबासाहेबांच्या फोटोखाली लिंबू आलं! हे आपलं बुद्धिवादी घर. आम्ही त्याला उचलून नागपूरला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाला, रोज ज्याला इतकी लागते त्याचा मेंदू तिच्यावर चालायला शिकलेला असतो, ती एकाएकी काढली की असं होतं, झटके येतात, माणूस मरतोसुद्धा. बी-वनची सुई, गोळ्या, हळूहळू उतरवणं. वाचला. तेव्हा ज्याचे सकाळी हात कापतात, ज्याला न पिता घाम फुटतो, त्यानं माझ्यासारखी वही घेऊन एकट्यानं बसू नये आणि मंचावर शपथही घेऊ नये. आधी दवाखाना. आणि आपल्या मंचवाल्यांनो, टाळ्या वाजवण्याच्या आधी त्याचे हात बघत जा.

थोरल्याला कमी करणं जमणार नाही, हेही खरं. त्याच्यासाठी एक काडी म्हणजे एकोणीस. त्याला पूर्णच बंद पाहिजे आणि सोबत त्याच्यासारखी माणसं पाहिजेत. १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना धरून जी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस सुरू केली तिचं सगळं बळ एवढंच आहे, की एक पिणारा दुसऱ्या पिणाऱ्यासमोर बसून खरं बोलतो. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून आहे. आपल्या वस्त्यांत वाचनालयं आहेत, विहारं आहेत, तिथं आठवड्यातून एक संध्याकाळ अशी खरं बोलायची का नाही? विहारात दारुड्यानं यायचं नाही हे कुणी ठरवलं? तो तिथं नाही आला तर ठेक्यावर जाईल, तिथं त्याला कुणी अडवत नाही.

कमी केली म्हणजे सुरक्षित झालो असंही मी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली साफ सांगितलं की दारूचं निर्धोक असं कुठलंच माप नाही. माझ्या सात काड्या निर्धोक नाहीत. एकोणिसापेक्षा बारानं कमी आहेत, एवढंच.

आता कवींचा हिशेब. एका बैठकीत एक ज्येष्ठ कवी मला म्हणाले, 'दारू सोडशील तर कविता सुटेल रे तुझी.' त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, तिसरी नाईंटी होती. मी घरी येऊन वही काढली. पिऊन लिहिलेल्या कविता एकीकडं, न पिता लिहिलेल्या दुसरीकडं. पिऊन लिहिलेल्या तेवीस. त्यातल्या अकरांचं अक्षरच लागत नव्हतं. उरलेल्या बारांत प्रत्येकीत माय रडत होती आणि मी तिच्यासाठी आग लावत होतो. खरी माय त्या वेळी शेजारच्या खोलीत जागी होती, आणि मी घरात होतो तरी नव्हतो. दोन ओळी निघाल्या कामाच्या. दोन! तेवीस कवितांत. त्या दोन ओळी मी न पिताही लिहिल्या असत्या, असा माझा दावा नाही. पण तेवीस रात्रींना दोन ओळी हा भाव मुकादमानं दिला असता तर आपण संप केला असता.

आणि विद्रोह म्हणाल तर, ज्या रात्री मी पिऊन व्यवस्थेला शिव्या घालत होतो त्या रात्री व्यवस्था निवांत होती. माथाडी कायद्याचं पुस्तक मी उघडलं ते काड्या अकरावर आल्यावर. नोंदणीचा अर्ज त्यानंतर लिहिला. टोळीतल्या सात जणांनी सही केली, दोघांनी अंगठा. अर्ज अजून पडून आहे. मुकादम आता दिलदार राहिला नाही, नाईंटी पाजणं बंद केलं त्यानं. त्याचं त्याला कळलं.

मागच्या वेळी दीक्षाभूमीवरून परत येताना गर्दीत गाडीत जागा मिळाली नाही. मी आणि माय दाराशी बसलो. माझ्या हातात पुस्तकांची पिशवी, तिच्या मांडीवर शिदोरी. गोधनी गेल्यावर ती म्हणाली, 'सतरावी नाही म्हनली तू.'

मी गप्प.

'नको म्हनू. खोटी म्हनू नको. पन खोटं न बोलाची त म्हनली नं?'

'म्हनली.'

'मंग सांग. या हप्त्यात कितीक काड्या?'

'पाच.'

तिनं पिशवीतून संत्रं काढलं, सोललं आणि अर्धं मला दिलं.